उभ्यानं घेतलेलं माप

"टाका पाय," सायकल दुरुस्तीवाला मिस्त्री म्हणाला.

"टाकतोय की."

मास्तरांचा उजवा पाय सायकलच्या मधल्या दांड्यापर्यंत गेला आणि तिथेच अडून बसला. मिस्त्रीने सायकल तिरकी करून धरली, मास्तरांनी दात आवळले, पण खुब्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय मुकाट्याने जमिनीवर परत आला. चाळीस वर्षं लोकांच्या विजारी शिवलेल्या या शिंप्याला स्वतःची एक तंगडी दांड्यापलीकडे नेता येईना.

खुब्याचा सांधा झिजला होता. सायकल चालवायला हरकत नाही, मात्र मांडी पोटाकडे फार दुमडू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलगी फोनवर "बाबा, पुरे आता ती सायकल" म्हणाली, तर मास्तर दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. दुकान सुटलं होतं, बायको गेली होती. सायकलही सुटली तर दिवसभर खुर्चीत बसून छताकडे बघायचं, एवढंच काम उरलं असतं.

"वहिनींची सायकल आहे ना घरी?" मिस्त्रीने जपूनच विचारलं. "तिला मधला दांडा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ती सायकल हातात धरून, तिच्यावरच भार टाकत, लंगडत आले. दीड वर्ष ती खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. आठवड्याला ते ती पुसायचे. फक्त हवा कधी भरली नव्हती.

मिस्त्रीने हवा भरली, साखळीला तेल दिलं. मास्तर विनासायास बसले आणि गल्लीत निघाले. दहा-बारा पायडल झाली नाहीत तोच गुडघा पोटाशी आला आणि तीच कळ पुन्हा उठली. ते विजेच्या खांबाला धरून थांबले.

"सीट फार खाली आहे हो," मिस्त्री जवळ येत म्हणाला.

"असणारच. तिच्या मापाची आहे. मी स्वतः टेप लावून घेतलंय ते." मास्तरांच्या आवाजात जुना दिमाख आला. "शिकताना वळणावर पडली होती. मग तिला भिंतीशी उभी केली, मांडीपासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि सीट बरोबर तेवढ्यावर बसवली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. त्यानंतर एकदाही पडली नाही."

सीटखालच्या नळीवर कानशीने मारलेली रेघ अजून स्पष्ट होती. मिस्त्री तिच्याकडे बघत पाना हातात फिरवत राहिला.

"मास्तर, तुम्ही माप जमिनीपासून घेतलंत. आम्ही ते पायडलपासून घेतो."

"म्हणजे?"

"पायडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. नाहीतर दर फेऱ्याला मांडी दुमडते. धडधाकट माणसाचेही पाय भरून येतात."

मास्तर ओट्यावर बसले. मांड्या भरून येतात हो, असं ती म्हणायची. ते पुढे जाऊन पुलावर थांबायचे, मनगटावरचं घड्याळ बघत घंटी वाजवायचे आणि ती धापा टाकत आली की म्हणायचे, गोगलगायसुद्धा पोचली असती. ती हसायची. पुढे तिने सायकल सोडली, कंटाळा आला म्हणाली. मास्तरांनी ते गिऱ्हाइकांना चवीने सांगितलं होतं.

"तू तिला कधी बोलला नाहीस?"

"बोललो होतो. सीट वरही केली होती एकदा. याच गल्लीत दोन चकरा मारून आल्या. अशा खुशीत होत्या, म्हणाल्या, सायकल आपोआप पळते की रे." मिस्त्री थांबला. "मग उतरल्या आणि म्हणाल्या, आता पुन्हा त्या रेघेवर आण."

"का?"

"म्हणाल्या, त्यांचं माप चुकलं असं गावात कुणी म्हटलेलं नाही. मी घरातली असून कशाला म्हणू?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"कर वर," ते म्हणाले.

मिस्त्रीने सीट चढवली. रेघ चार बोटं वर आली. हँडलही उंच केलं, म्हणजे कमरेत वाकायला नको. लहान मुलांच्या सायकलचे आखूड दांडे पायडलना लावले, म्हणजे गुडघा कमी उचलला जाईल. शेवटी त्याने कानस उचलली.

"नवी खूण करतो. जुनी घासून टाकू?"

"तिला हात लावू नकोस."

मास्तर निघाले. गल्ली संपली, शाळा मागे पडली, चढ आला. खुबा एकदाही कुरकुरला नाही. इतकं सोपं होतं तर. हे सुख तिला दोन चकरांपुरतं मिळालं आणि तेही तिने त्यांच्यासाठी परत केलं.

पुलावर नेहमीच्या जागी त्यांनी ब्रेक दाबला, उतरले आणि कठड्याला टेकून, आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. सवयीने डावं मनगट वर आलं. त्यांनी घड्याळ सोडलं, खिशात ठेवलं आणि रिकाम्या चढाकडे बघत तसेच थांबून राहिले.