सातवं मूल

नोटिशीत लिहिलं होतं, ‘अधिकचे एक मूल सात दिवसांत कमी करावे व तसा अहवाल सादर करावा.’

मी ती तीनदा वाचली. माझं पाळणाघर आमच्याच घरात, पुढच्या खोलीत चालतं. परवाना सहा मुलांचा आणि मुलंही सहाच. तपासनीस आले त्या दिवशी मी त्यांना ओळीने दाखवली होती, चार झोपलेली आणि दोन भांडणारी. त्यांनी मान डोलावली, मग माझ्या कडेकडे पेन रोखून ‘आणि ही सातवी’ असं लिहून घेतलं. कडेवर भुंगी होती, माझी दहा महिन्यांची मुलगी. दिवसभर गुणगुणत असते म्हणून भुंगी.

सासूबाईंनी चष्मा लावून नोटीस वाचली आणि कुठलं मूल कमी करायचं ते सांगितलंय का, असं विचारलं. सांगितलं होतं. जागेत सगळ्यांत शेवटी दाखल झालेलं. परवाना मिळाला तेव्हा ही सहाही मुलं आली होती आणि भुंगी पोटात होती, म्हणजे शेवटची तीच.

“पोटात होती तेव्हा काय शेजारच्या घरात होती?” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्यांच्या आधी दाखल झालीये ती.”

एरवी मी हसले असते. पण ऑफिसातली चांगली नोकरी सोडून मी पाळणाघर काढलं ते एवढ्याचसाठी, की भुंगीला डोळ्यांआड करणं मला जमणार नव्हतं. आता परवाना टिकवायचा तर तिला नऊ ते सहा दुसरीकडे ठेवायची. परवाना सोडायचा तर पुन्हा नोकरी धरायची, म्हणजे तिला नऊ ते सहा दुसरीकडेच ठेवायची. आणि दुसरीकडे कुणीतरी तिला हातात काय देईल, खाली काय पडलेलं असेल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

आम्ही न्यायाधिकरणात अपील केलं. वकील घरचाच, माझा मावसदीर. त्याची सगळी वकिली प्रवासी वाहनांच्या परवान्यांत गेलेली, त्यामुळे तो भुंगीकडे जादा प्रवासी म्हणूनच बघत होता. म्हणाला, वहिनी, बिनघोर राहा, ड्रायव्हरच्या मांडीवरचं स्वतःचं पोर प्रवाशांत धरत नाहीत असा चक्क निकाल आहे. मी तो निकाल वाचायला मागितला, तेव्हा जरा चुळबुळत त्याने सांगितलं की त्यात परवाना रद्दच झाला होता. गाडी पोरच चालवत होतं.

सुनावणीच्या दिवशी पाळणाघराला सुट्टी दिली. न्यायाधिकरणाच्या लिफ्टचा परवाना संपला होता म्हणून लिफ्ट बंद होती, आणि सासूबाईंचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. त्या खालीच बाकावर बसल्या आणि भुंगीला माझ्यापाशी ठेवून जा, म्हणाल्या. पण त्यांचा बाक रस्त्याला लागून होता. मी तिला घेऊनच दोन मजले चढले.

खोलीत शिरताशिरता माझी नजर नेहमीसारखी फिरली. टेबलाचे कोपरे टोकदार. सॉकेट जमिनीपासून वीतभर, तेही उघडं. खिडकीचे गज असे की मधून लहान डोकं सहज जाईल. दाराजवळ एक टाचणी पडली होती, ती मी उचलली आणि मुठीत धरली. कचऱ्याची टोपली दिसायच्या आत आमचा पुकारा झाला.

शपथ घेताना दोन्ही तळवे उघडे दिसले पाहिजेत, असं कारकून म्हणाला. दीराच्या हातांत फायलींचा ढीग. शेजारी तपासनीस उभे होते, खात्याची बाजू तेच मांडणार होते. पन्नाशीचे गृहस्थ, खिशाला दोन पेनं. त्यांनी निमूटपणे हात पुढे केले आणि भुंगी त्यांच्याकडे गेली. लगेच तिने पेनाचं टोपण तोंडात घातलं. मी ते काढायला लावलं, घशात जातं. मग मूठ उघडली.

अध्यक्षबाईंनी हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, टाचणी, रांगणाऱ्या मुलांना फार धोक्याची. इथे कुणी रांगत नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. कारकुनाने टाचणी पुरावा म्हणून पाकिटात घालून त्यावर ‘निशाणी एक’ लिहिलं.

“नऊ ते सहा तुम्ही संचालिका असता,” अध्यक्षबाईंनी परवाना समोर धरला. “अट चार. त्या वेळेत संचालिकेने दुसरं कोणतंही काम करू नये. तुम्ही त्या वेळेत या मुलीची आई म्हणून काम करता का?”

दीराने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, पण तो हो म्हणणारा पाय होता की नाही म्हणणारा, ते कळेना. हो म्हटलं तर अट मोडली. नाही म्हटलं तर नऊ ते सहा भुंगीला आईच नाही, म्हणजे ती सातवं मूल.

“ते काम नाहीये,” मी म्हणाले.

“मग काय आहे?”

कॉलेजात तर्कशास्त्रात मी वर्गात पहिली आले होते, ते तिथे काही कामाला येईना.

मग दीर उभा राहिला आणि गाडी, मांडी, ड्रायव्हर सगळं मांडलं. अध्यक्षबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की मुलगी गाडी असेल की प्रवासी, ते एकदा ठरवून सांगा. तो पानं उलटत बसला. तपासनीसांनी आपलं म्हणणं वाचायला सुरुवात केली. भुंगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती, कॉलरवर लाळेचा डाग पसरत होता. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत वाचत होते, त्यामुळे कलमं आणि उपकलमं अंगाईसारखी ऐकू येत होती. मी तिची मान नीट आहे ना, तेवढंच बघत होते.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “किती वेळ झाला तिला घेऊन?”

“झाला असेल पाऊण तास,” तपासनीस म्हणाले.

“दुसऱ्याचं मूल अर्ध्या तासाहून जास्त सांभाळायला परवाना लागतो. तुमच्याच अहवालाचं पहिलं पान. तुमच्याकडे आहे परवाना?”

तपासनीस भुंगीला घेऊन माझ्याकडे वळले, तर अध्यक्षबाईंनी हात वर केला. देताय कुणाला, असं त्यांनी विचारलं. संचालिकेला देत असाल तर तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तिची जागा भरलेली आहे. आईला देत असाल तर या वेळेत आई असते, असं तुम्हाला आधी कबूल करावं लागेल. कारकुनाने दोन्ही हात पाठीमागे नेले. दीराने फायली छातीशी घट्ट धरल्या. टंकलेखिका बाई एकाएकी टेबलाखालचं काहीतरी शोधू लागल्या.

तपासनीसांच्या कपाळावर घाम आला. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही, ती उठली असती.

“बाई, हिची आई समोर बसलीये. डोळ्यांसमोर आई असताना मूल दुसऱ्याच्या सांभाळात आहे, असं कसं म्हणायचं?”

“ती झोपलीये.”

“डोळे उघडले की दिसेल ना.”

अध्यक्षबाई टंकलेखिकेकडे वळल्या आणि हे शब्दशः घ्या म्हणाल्या. आपण काय बोलून बसलो ते तपासनीसांना तेव्हा कळलं. त्यांनी भुंगीला माझ्या खांद्यावर ठेवलं, तिची मान सांभाळून, आणि मग कॉलर पुसली.

निकाल आठ दिवसांनी आला. भुंगीला मोजू नये, परवाना कायम. मात्र आई मुलीच्या नजरेत असेतोवरच. आई नजरेआड होताच संख्या सात धरावी. सोबत पाकिटात टाचणी होती, पोचपावतीसह.

“आमच्या वेळीही असंच होतं,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त कागद नव्हता.”

पुढच्या आठवड्यात तपासनीस आले. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसले. मी दूध तापवायला आत गेले.

“सात,” बाहेरून आवाज आला.

मी दारात आले. “सहा.” परत आत. “सात.” आवाजात राग नव्हता. तिसऱ्यांदा मी दारातच थांबले. इथून भुंगीला मी दिसत होते, पण गॅसपर्यंत हात पुरत नव्हता.

भुंगीने मला पाहिलं आणि यायला निघाली. पण ती अजून उलटीच रांगते. तिने नीट वळून माझ्याकडे पाठ केली आणि मागेमागे सरकू लागली, गुणगुणत. येत होती माझ्याकडेच, बघत होती तपासनीसांकडे. त्यांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. माझ्यामागे दूध उतू गेलं, त्याचा वास आला. मी हलले नाही.

तिचे पाय माझ्या पावलांवर आदळले. तिने मान मागे टाकली, अगदी मागे, आणि उलट्या चेहऱ्याने मला पाहून हसली.

“सहा,” तपासनीस म्हणाले. त्यांनी तसं लिहिलं आणि टोपणवालं पेन खिशात न ठेवता वर फळीवर ठेवून दिलं, तिचा हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर.