डेस्कटॉपवरची भिंत

औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं ती कॉम्प्युटरवर तयार करायची. छापखान्यातलं तिचं टेबल यंत्रांच्या खोलीला लागून होतं. यंत्रं सुरू झाली की कपातला चहासुद्धा थरथरायचा. त्या कोंदट कोपऱ्यात डोळ्यांना विसावा देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे डेस्कटॉपवरचा लेकीचा फोटो.

दर वाढदिवसाला घरामागच्या अंगणात लेकीचा फोटो काढायचा आणि तो डेस्कटॉपवर लावायचा, हा तिचा नेम. जागा ठरलेली होती. डावीकडे घराचा कोपरा, उजवीकडे टेकडीची माती अडवून धरणारी उंच भिंत, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत लेक आणि तिची आजी. चेहरे झाकले जाऊ नयेत म्हणून सगळे आयकॉन तिने उजवीकडे, भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपाच्या कडेने एकाखाली एक लावले होते.

"पाइपाला फायली टांगल्यात तुम्ही," शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस म्हणायचा. "नळ सोडू नका हं, सगळं काम वाहून जाईल."

यंदाचा फोटो तिने लावला तेव्हा आधी तिला हसूच आलं. लेकीचे पुढचे दोन्ही दात पडलेले आणि आजी नेहमीसारखी गंभीर. मग तिची नजर आयकॉनकडे गेली. ती रांग सरळ होती, पण पाइप सरळ नव्हता. खाली तो शेवटच्या आयकॉनला टेकलेला होता आणि वर जाता जाता रांग सोडून डावीकडे, घराच्या दिशेने सरकला होता.

तिने फोटो लहान करून पाहिला, पूर्ण पडदाभर पसरून पाहिला. पाइप तसाच.

"फोटो वाकडा आलाय," हिशेबनीस मान लांब करून म्हणाला.

"मग घराचा कोपराही वाकडा दिसायला हवा ना?"

घराचा कोपरा ओळंब्यात होता. तिने मागच्या वर्षीचा फोटो परत लावला. पाइप सरळ. नवा लावला. पाइप कललेला. जुना, नवा, पुन्हा जुना, पुन्हा नवा. लेक हसत होती, एका क्लिकसरशी मोठी होत होती आणि तिच्या डोक्यावर भिंत झुकत होती.

नवरा मालट्रक घेऊन दूर गेला होता. फोनवर तो आधी हसला, मग पाइप किती कललाय, ते त्याने पुन्हा विचारलं. "मी येईपर्यंत मागच्या खोलीत कुणाला झोपू देऊ नकोस," एवढंच म्हणाला. "आल्यावर दुसरी जागा बघू."

घरमालक मागच्याच गल्लीत राहायचा. त्याने फोटोंकडे नीट पाहिलंही नाही. "आत्ताच तर रंग दिलाय भिंतीला!"

"रंगाने भिंत उभी राहते का?"

"बाई, तुम्ही लेबलं चिकटवा. भिंतींचं मी बघतो."

नगरपालिकेत तिला सांगितलं, माणूस येऊन बघून जाईल. माणूस काही आला नाही.

घरी सासूबाई हटून बसल्या. मागची खोली त्यांची होती. "त्या डब्यात बघून तू माझी खाट हलवणार? तिकडून वारा येतो, मला तिथेच झोप लागते."

"आई, झोप कमी लागली तरी चालेल."

"हल्ली माझं दार लागत नाही, त्याचंही तुझा कॉम्प्युटर काही सांगतो का?"

तिने वळून पाहिलं. मागच्या खोलीचं दार खरंच चौकटीत अडकत होतं आणि त्याखालच्या फरशीवर केसाएवढी रेघ उमटली होती. लेकीला हाताशी घेऊन तिने खाट ओढत पुढच्या खोलीत आणली. सासूबाई रुसून जेवल्या नाहीत.

घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मास्तर आणि त्यांची बायको राहायची. मास्तर आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. एकट्या त्यांनीच चष्मा पुसून दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मग दोरीला कुलूप बांधून आणलं आणि भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडलं. कुलूप भिंतीपासून हातभर लांब लोंबकळत राहिलं.

"तुझा फोटो खोटं बोलत नाही, पोरी," ते हळूच म्हणाले. भिंतीच्या पायथ्याशी, जिथून पाणी बाहेर पडायचं, ती भोकं कोरडी ठाक होती. "पाणी आतच साठतंय. तू कामावर जा. मी आहे ना इथे, मी रोज नजर ठेवतो."

कुणीतरी आपलं ऐकलं, या विचाराने तिला इतकं हायसं वाटलं की तिने नुसती मान हलवली. नको, जवळ जाऊ नका, असं म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही.

मग पावसाची झड लागली. छापखान्यात बसून ती खिडकीकडे बघायची, मग स्क्रीनकडे. नव्या जागेचं बोलणं झालं होतं, नवरा परतीच्या वाटेवर होता. लेकीच्या शाळेला सुट्टी होती.

भरदुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर, पण आवाज सासूबाईंचा.

"पोर माझ्याजवळ आहे," त्यांनी पहिलं तेच सांगितलं. "आम्ही रस्त्यावर आहोत. मास्तर मागून ओरडले, बाहेर पडा, बाहेर पडा. मी हिचा हात धरला आणि जशी होते तशी पळाले. मागचं सगळं गेलं गं. खोली गेली."

"आणि मास्तर?"

पलीकडे फक्त पावसाचा आणि माणसांच्या आरडाओरड्याचा आवाज येत राहिला.

ते कोसळलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्याखाली सापडले. दोरी हातात होती.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला तिने दोन्ही फोटो दिले. घरमालक म्हणाला, फोटोत काहीही करता येतं. अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला पुढच्या प्रश्नांसाठी आत बोलावलं. पुढे खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे.

नव्या घरात सामान लागल्यावर ती मास्तरांच्या बायकोला भेटायला गेली. त्या भावाकडे राहत होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"ते रोज मागे जायचे, ते तुमच्या सांगण्यावरून?" त्यांनी विचारलं.

"मी फोटो दाखवले होते. नजर ठेवतो, असं ते आपणहून म्हणाले." तिने हातातला पेला खाली ठेवला. "मी नको म्हणाले नाही."

"मला म्हणायचे, पाय मोकळे करायला जातो." बाईंनी पदराने हात पुसले, कोरडेच होते तरी पुसत राहिल्या. "मला कळलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं त्यांना. आणि मग तुमची मुलगी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

निघताना ती वाकून पाया पडली. आशीर्वादाला उचललेला हात बाईंनी तिच्या डोक्यावर ठेवला नाही. पण तो बाजूलाही घेतला नाही, मध्येच हवेत राहिला.