वरचे पाच

जीवरामने उत्तरपत्रिका टेबलावर आपटली, तसा प्रशीलचा उघडा डबा जागचा हलला. मधली सुट्टी होती. सातवीचा वर्ग रिकामा होता आणि जीवरामची कामिनी दारात वेणीचं टोक चावत उभी होती. बापाने तिला जेवता जेवता उठवून आणलं होतं.

"दोन मार्क काहून कापले?"

"उत्तर चुकलं म्हणून."

"उत्तर बरोबर हाये. माही पोरगी गणितात चुकत नाही, हे तुले चांगलं माहीत हाये."

सावद्याच्या या शाळेत शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे प्रशीलला 'सर' म्हणत. जीवराम तेवढा अजून 'तू'वर होता. प्रशीलची आई, लिलाबाई, वर्षानुवर्षं त्याच्या मळ्यात केळीचे कंद काढायला जायची. मजुरणीचा पोरगा बी.एड. झाला म्हणून त्याला लगेच अहो-जाहो करायचं नसतं, असं जीवरामचं साधं व्याकरण होतं. प्रशीललाही हा माणूस नजरेसमोर नको असायचा आणि ते लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

दोन गुणांसाठी एवढा मोठा माणूस मळा सोडून आला, त्याला कारण होतं. जळगावच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकच नाव जाणार होतं. ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि कामिनी एका गुणाने मागे पडली होती. या स्पर्धेपायी पोरगी टक्केवारीशिवाय दुसरं काही बोलेनाशी झाली होती. भाजीत मीठ किती टक्के, वर्गातली किती टक्के पोरं खोटं बोलतात, सगळ्याचा हिशेब तिच्याकडे तयार असायचा.

प्रशीलने डब्याला झाकण लावलं आणि प्रश्न मोठ्याने वाचला. "एका शेतकऱ्याने लागवडीसाठी केळीचे बारा शेकडे कंद आणले. त्यांतले पाच टक्के कुजले. चांगले कंद किती उरले?" मग त्याने वर पाहिलं. "बाराशेचे पाच टक्के साठ. उरले अकराशे चाळीस. हिने लिहिलंय अकराशे सत्त्याण्णव."

"मंग बरोबरच लिहिलं तिनं. शेकडा एकशे पाचाचा. बारा शेकडे म्हणजे बाराशे साठ. पाच टक्क्याचे गेले त्रेसष्ट. करून पाह्य."

करून पाहायची प्रशीलला गरज नव्हती. बाहेरगावच्या एखाद्या मास्तरला या उत्तराचा थांग लागला नसता, पण त्याला पेपर तपासतानाच सगळं कळलं होतं. इथे कंद मोजताना शंभर झाले की वर आणखी पाच टाकतात, कुजक्या-तुटक्यांच्या बदल्यात, आणि मगच 'शेकडा' म्हणून हाळी देतात. हे कळूनही त्याने त्या उत्तरावर लाल फुली मारली होती. चांगली लांबलचक मारली होती आणि मारताना त्याला बरं वाटलं होतं.

"शाळेत शेकडा म्हणजे शंभर," तो म्हणाला. "टक्का म्हणजे शंभरातला एक. तुमच्या मळ्यातली मोजणी इथे चालत नाही."

"मंग सरळ बाराशे लिहायचं होतं! शेकडे कोनी लिहिलं? पेपर तूच काढला ना?"

पेपर प्रशीलनेच काढला होता. हाताला आला तो शब्द लिहिला, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं, पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

"संस्थेत जातो मी," जीवराम म्हणाला. "अध्यक्षाले इचारतो, हा मास्तर लेकरावर कशाचा राग काढू राह्यला."

"जा ना. वाट माहीत आहे तुम्हाला."

"जातोच!"

"सर," दारातून कामिनी म्हणाली, "शेकडा मला लिलाआजीनेच शिकवला."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी लहान होते तेव्हा. बांधावर बसून मी तिच्याबरोबर मोजायची. शंभरावर थांबले की ती म्हणायची, थांबू नको बाई, वरचे पाच टाकल्याबिगर शेकडा होत नाही."

पोरगी खोटं बोलत नव्हती. त्यातला 'बाई' हुबेहूब लिलाबाईचा होता. प्रशीलच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो राग नेमका कोणावर, ते त्याला समजेना. त्याने लाल पेन काढून स्वतःचीच फुली खोडली, शेजारी दोन गुण लिहिले आणि उत्तरपत्रिका जीवरामकडे सरकवली.

"घ्या. तुमचा शेकडा एकशे पाचाचा. हिचं नाव पाठवतो जळगावला."

"आता कसं!" जीवरामने छाती भरून श्वास घेतला. "आधीच ऐकलं असतं तर एवढा तमाशा झाला नसता."

कामिनी पुढे आली. खरं तर तिने उड्या मारायला हव्या होत्या. पण ती उत्तरपत्रिकेकडे बघत टेबलापाशी उभी राहिली.

"आबा, लिलाआजीला मजुरी शेकड्यावर होती ना?"

"मंग? सगया बायाइले शेकड्यावरच असते."

"म्हणजे एकशे पाचाची?"

"शंभराची. वरचे पाच मजुरीत धरत नाही कोनी. रीत हाये ती."

कामिनीचे ओठ हलू लागले. बोटाने ती टेबलावर काही आकडे गिरवत राहिली.

"एकशे पाच काढायचे, त्यातले पाच फुकट," ती हळूच म्हणाली. "सर, हे पाच टक्के नाही ना येत?"

विषय बदलून प्रशीलला तिला वर्गाबाहेर पाठवता आलं असतं. त्याने तसं केलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "पाचाहून थोडं कमी. पावणेपाचच्या आसपास."

"पाह्य!" जीवराम खुशीत येऊन टेबलावर थाप मारत म्हणाला. "पाचापेक्षा कमीच हाये!"

कामिनीने मान वर करून बापाकडे पाहिलं. तिची पाठ थोपटायला निघालेला जीवरामचा हात मध्येच थांबला आणि त्याने उगाच टोपी सारखी केली. त्या घरातल्या कोणीतरी एकदा तरी या माणसाकडे असं पाहावं, ही प्रशीलची फार जुनी इच्छा होती. आज पाहणारी होती सातवीतली एक पोर, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते गणित त्यानेच तिला सोडवून दिलं होतं. त्याला ते मुळीच गोड लागलं नाही.