कौसाबाईला गाडी लागते

"बोंड फुटनं हासी हासी, काटा रुतना बोटले,
दुखनंखुपनं सांगू नको, बाई, दुनियाना लोकले..."

कापसाच्या ओळींतून आईचा हा आवाज यायचा. पुढे आई, तिच्यामागे कौसा, सगळ्यात मागे धाकटी सुगंधा. कमरेच्या ओटीत कापूस साठत जायचा आणि वेचता वेचता आई गात राहायची. आईला जाऊन एक जमाना लोटला, पण तो आवाज कौसाबाईच्या कानात अजून तसाच फुललेला होता. त्यातलं सांगणं तर तिने जन्मभर पाळलं. हात भाजला, बाळंतपणं झाली, नवऱ्याशी वाजलं, शेजारच्या भिंतीलासुद्धा पत्ता लागला नाही. आता म्हातारपणी गुडघे गेले, तेही तिने कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं ते भलतंच. "मले गाडी लागस."

त्याचं असं झालं. पुतण्याच्या लग्नाहून परत निघताना भाड्याची उंच जीप दाराशी आली. कौसाबाईने एका हाताने दार धरलं, पाय उचलला, आणि पाय काही पायरीला टेकेना. भाचे धावले. एकाने काखेत हात घातला, दुसऱ्याने मागून रेटा दिला. लुगडं पोटरीवर सरकलं. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी ओरडलं, "ऊसनी ट्रॉली भरी ऱ्हायनात का रे?" सारा मांडव हसला. कौसाबाईही हसली, आणि आत बसल्यावर तिने पदर पार डोळ्यांवर ओढून घेतला.

तेव्हापासून तिला गाडी लागू लागली.

घरच्यांनी नाना उपाय केले. कुणी आलं दिलं, कुणी आवळासुपारी. लिंबं तर पिशवीने आली. नवरा हिलाल म्हणाला, "पेपरवर बशी पाह्य, पोटले थंडावा ऱ्हास." कौसाबाई सगळ्याला मान डोलवायची, लिंबू हुंगायची आणि घरीच राहायची.

ब्राह्मणपुरीहून तळोदा असं कितीसं लांब? सकाळी भाकरी बांधून निघालं तर पोचेपर्यंत तिची ऊब जायची नाही. तिथेच सुगंधा होती, पपईच्या मळ्यातल्या घरात. अर्धं अंग लुळं पडल्यापासून खाटेवर. तिचा फोन यायचा. बोलणं जरा जड, पण तिखटपणा जागच्या जागी.

"ताई, कवय येस वं?"

"येसू ना. पन गाडी लागस ना मले, बाई."

मग सुगंधा म्हणायची, "मी येऊ शकस नई, तू येऊ शकस नई. मंग भेटसूत कोठे? वर?" आणि दोघी हसायच्या. फोन ठेवला की कौसाबाईला ते हसू गिळवायचं नाही.

नाशिकला नोकरी करणारा लेक, हेमकांत, या दिवाळीला आला तो ठरवूनच. "माय, आते तुन्हासाठे गाडी लेवानी. तुले बिलकुल मळमळाव नई, अशी." फोनवर व्हिडिओ पाहून पाहून त्याने शास्त्र पाठ केलं होतं: गाडी जड हवी, उंच हवी, समोरचा रस्ता लांबपर्यंत दिसायला हवा. पोराची ती तळमळ पाहून कौसाबाईचा जीव सुपाएवढा झाला, आणि त्याच जिवात काटाही मोडला. आपल्याच खोट्याच्या मापाने लेक गाडी निवडतोय, हे तिला कळत होतं.

शहाद्याच्या शोरूममध्ये गाड्या नवरीसारख्या नटून उभ्या होत्या. भूपेश नावाच्या विक्रेत्याने थेट सगळ्यात मोठ्या पांढऱ्या गाडीपाशी नेलं. "काका, हिच्यात बसलं की पोटातलं पाणी हलत नाही."

हिलालने तिच्याभोवती फेरी मारली, सारंगखेड्याच्या बाजारात घोडं पाहावं तशी. टायरवर थाप मारली. "उमदं जनावर शे. दात कोठे शेत हिना?"

भूपेश हसला आणि दाराशी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. "या काकू, यावर पाय द्या. मी धरतो. एक चक्कर मारून येऊ."

कौसाबाईने स्टुलाकडे पाहिलं, भूपेशच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं. "तुमी जा, भाऊ. मले मळमळाले लागनं."

"पाह्यं?" हेमकांत म्हणाला. "गाडी पाहीसनच मळमळस तिले!"

ते गेले. कौसाबाई एकटी राहिली. बाजूला एक राखाडी गाडी उभी होती, त्या पांढरीची धाकटी बहीण म्हणावी अशी. दार उघडंच होतं. सीट ना उंच ना खोल, घरच्या बाजेएवढी. कौसाबाईने इकडेतिकडे पाहिलं, गाडीकडे पाठ केली आणि बाजेवर टेकावं तशी टेकली. मग एक पाय आत घेतला. दुसरा घेतला. झालं. कुणाचा हात नाही, रेटा नाही, पदर डोक्यावर जिथल्या तिथे. ती तशीच बसून राहिली, काचेतून रस्ता पाहत. तळोद्याकडे जाणारी एस.टी. समोरून गेली.

मंडळी परतली ती खुशीत. "बोट चालस तशी चालस!" हिलाल म्हणाला. हेमकांत भूपेशकडे वळला, "पक्की करा. हीच."

"हेमू," कौसाबाई आतूनच म्हणाली, "ती नको. हाई ले."

"माय, हाई हलकी शे. डुली. शहादं ओलांडावना पहिलेच तुले उलटी व्हई."

"आनी गावमा काय दिखी?" हिलाल म्हणाला. "कोंबडीना खुराडा!"

भूपेश लगबगीने पुढे आला. "रंग आवडला ना काकू? हाच रंग मोठीतही मिळतो!"

कौसाबाईच्या ओठांवर रंगाचंच निमित्त आलं होतं. तेही गेलं. तिघं तिच्याकडे पाहत उभे होते आणि लेकाचा हात त्या पांढऱ्या गाडीच्या दारावर होता. तिने मांडीवर पदर घट्ट मुठीत धरला.

"मले गाडी लागस नई," ती म्हणाली. "कवयच लागनी नई."

हिलालचं तोंड उघडंच राहिलं. "आनी ते लिंबू? पिशव्या भरी भरी लयनू मी!"

"त्यासनं लोनचं घालं. तुमीच खाई ऱ्हायनात ते, दोन्ही टाइम."

हेमकांत हसला नाही. तो गाडीच्या दाराशी येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "मंग काय व्हस माय तुले?"

"मन्हा पाय उचलास नई रे, हेमू. लोके मले उचलीसन गाडीमा टाकतस, मंग मी कोठेच जास नई. हिनामा मी मन्हा हाते बठनू." तिने मुठीतला पदर सोडला. "मले सुगंधाले भेटनं शे. ती जिती शे तवय भेटनं शे."