सत्त्याऐंशी टक्के

गुरुशांत सरांनी लॅपटॉप महिपतीकडे वळवला आणि पडद्यावरच्या लाल आकड्याखाली पेन टेकवलं. सत्त्याऐंशी टक्के. महिपतीने टोपी काढली. आमच्या घरात एवढे टक्के आजवर कुणाला पडले नव्हते, असं तो म्हणाला, आणि येताना पेढे आणले नाहीत म्हणून माफीही मागितली.

शेजारी बसलेल्या दीक्षा मॅडमनी त्याला सांगितलं, की हे मार्क नाहीत. ऋतुजाचा निबंध मशीनने लिहिला असण्याची ही शक्यता आहे, आणि ती दुसऱ्या एका मशीनने मोजली आहे. महिपतीने टोपी परत घातली.

सरांच्या स्पर्धेला जिल्ह्यातून नऊशे निबंध आले होते. विषय होता ‘माझ्या घरातली व्यक्ती’. पहिल्या येणाऱ्या मुलीला पुण्याच्या निवासी शाळेत बारावीपर्यंत जागा होती. नववीतल्या ऋतुजाला ती हवीच होती, कारण वेळापूरचं एक स्थळ दिवाळीपासून दोनदा घरी चहा पिऊन गेलं होतं. तूर्तास तीच पहिली होती. फक्त तिचा निबंध तिचाच आहे, एवढं सिद्ध व्हायचं राहिलं होतं. त्यासाठी महिपतीला नवी पेठेतल्या कापडदुकानातून, गठ्ठे उचलता उचलता, बोलावून घेतलं होतं. निबंधातलं खरोखर घरात घडलं असेल तर निबंध मुलीचा. पालकाने तसं लिहून दिलं की विषय संपला.

महिपतीला वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी वाचून दाखवलं. निबंध ऋतुजाच्या थोरल्या बहिणीवर, पिंकीवर होता.

‘ताई बोहल्यावर उभी राहिली तेव्हा शाळेत तिच्या वर्गाचा भूगोलाचा पेपर चालू होता. पुढच्या वर्षी दवाखान्यात आप्पांनी तिचं वय एकोणीस सांगितलं. डॉक्टरांनी एकोणीस लिहून घेतलं. अशी ताई एका मिनिटात तीन वर्षांनी मोठी झाली. बाळ सकाळी गेलं. ताई दुपारी गेली. तेव्हाही ती एकोणीसच वर्षांची होती.’

मशीनला हा भाग सगळ्यात जास्त मशीनचा वाटला होता. चौदा वर्षांचं मूल असं लिहीत नाही, असा शेरा त्याने मारला होता.

निबंधातले आप्पा, म्हणजे महिपती, वर पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

सरांनी चष्मा काढला. माणूस सज्जन होता, त्यामुळे त्यांना नियम पाठ होते.

“हे खरं असेल तर निबंध पोरीचा,” ते म्हणाले. “पण मग मला पोलिसांना कळवावं लागेल. एवढ्या लहानपणी लग्न लावणं गुन्हा आहे की.”

आणि खोटं असलं तर, असं महिपतीने विचारलं.

“मग मशीनचा. मग कुणालाच काही नाही.”

महिपतीने फार वेळ घेतला नाही.

“न्हाय साहेब. थोरली हाय की. सासरी हाय. बरी हाय.”

ऋतुजा दाराशी उभी होती. सर तिच्याकडे वळले. ती बापाच्या हातांकडे बघत होती. सुतळीने कापलेली बोटं त्याने टेबलाखाली घेतली, तरी ती तिथेच बघत राहिली.

“मोबाईलनं लिहिलाय,” ती म्हणाली.

सरांनी यादीत तिच्या नावावर रेघ मारली. पहिला नंबर कुर्डुवाडीच्या मुलीकडे गेला. मग ते मायेने म्हणाले, की कबूल करायला धैर्य लागतं. अशा मुलांसाठी यंदापासून प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र ठेवलंय, ते तिला स्टेजवर देऊ. त्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना भरायचा होता.

“मोबाईलला काय सांगितलं होतंस?”

ऋतुजाने विचार केला. तिच्याकडे मोबाईल नव्हता.

“माझ्या ताईवर निबंध लिही. तिचं लवकर लग्न झालं. ती दवाखान्यात आहे.”

“आणि पुढे?”

“पुढचं मोबाईलच लिहितो.”

खात्रीसाठी दीक्षा मॅडमनी तेवढंच टाइप केलं. दहा सेकंदांत निबंध आला आणि सरांनी तोही वाचून दाखवला. त्यात डॉक्टरांनी शर्थ केली. ताईने डोळे उघडले, बाळ रडलं. ताईने दहावीचा फॉर्म पुन्हा भरला, ती नर्स झाली, आणि आता रोज संध्याकाळी लेकराला कडेवर घेऊन धाकट्या बहिणीचा अभ्यास घेते.

हा वेगळाच आलाय, असं मॅडम हळूच म्हणाल्या. सर म्हणाले, दर वेळी वेगळाच येतो, आणि खरं सांगायचं तर हा जास्त चांगला जमलाय. मग त्यांनी ‘असं काही घरात घडलं नाही’ असं लिहिलेला कागद आणि शाईचं पॅड महिपतीपुढे सरकवलं.

महिपतीने अंगठा पॅडवर टेकवला. तो उचललाच नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “बाळ रडलं, तितनं परत एकदा वाचा की.”