मधपेटीचा डूख

मी मधाची पेटी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. मध माझ्या पोटात असायचा, जिभेवर नाही, आणि आता तर पोटातही नाही. मी डूख धरून बसले आहे आणि तो लपवायचं मला कारण नाही.

माझा जन्म रोह्यातला. कान्हू सुताराने सागाच्या जुन्या फळ्यांना रंधा मारून मला घडवलं. आत पोळी बांधायला लाकडी चौकटी, वर छप्पर, खाली माश्यांना जाण्यायेण्यापुरती फट. "नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकंल ही," असं तो म्हणाला होता. चांगला माणूस. मला विकत घेणारा मात्र मधाचा धंदा करणारा प्रविण निघाला.

पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडावर प्रविणने माझ्यातला सगळा मध काढला. पावसात फुलं नसतात, तेव्हा माश्या साठवलेल्या मधावर जगतात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी त्याने वाटीभर साखरपाणीही ठेवलं नाही. माश्या माझ्या कुशीत उपाशी मेल्या. त्यांचं ते फडफडणं मी विसरलेले नाही. मग ओस पोळ्यांत मेणकिडा शिरला, त्याच्या अळ्यांनी मेण फस्त केलं आणि माझा तळ पोखरून ठेवला.

मला आतून भाजून काढलं असतं तर कीड मेली असती. प्रविणने तळावर पत्रा ठोकला, वर हिरवागार रंग फासला आणि मला नव्याने माश्या पाळणाऱ्यांना विकायला काढलं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पहिल्यांदा मी निडी गावात पुतळीकडे गेले. भात-वालाच्या शेतीतली कष्टाळू बाई. तिने मला हळदकुंकू वाहिलं, उचलायला बरी म्हणून तिच्या जुन्या ट्रंकेची पितळी कडी बसवली. वाल फुलायच्या आत माश्या उठून गेल्या. जाणारच, पत्र्याच्या कडेने अळ्या पोळ्यात चढत होत्या. प्रविण आला, मान हलवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वयनी, राग मानू नका. पाळीत हात लागला असंल. माश्यांना विटाळ चालत नाय."

पुतळी जमिनीकडे बघत राहिली. मला मातीमोल किमतीला परत देऊन ती गप्प बसली. अशी गोष्ट कोणती बाई चारचौघांत सांगेल? त्याला नेमकं तेच हवं होतं.

मग निळा रंग आणि खांब गावची सगुणा. तीच अळी, तेच वाक्य, तशीच खाली गेलेली मान. चोराच्या उलट्या बोंबा मी निमूट ऐकत होते. ह्याचं उट्टं काढल्याशिवाय मोडायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

तिसरी मनाली, पेणच्या रामवाडीतली. तिच्या सासऱ्याला, हैबतरावांना, पेटी दारात नकोच होती. मनालीने हट्ट धरला. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. तिच्याही माश्या गेल्या, आणि प्रविणने ते वाक्य ह्या वेळी चक्क सासऱ्यासमोर उच्चारलं. हैबतराव म्हणाले, "रविवारी पेटी उचल. पुना माश्यांचं नाव नको ह्या घरात." मनाली माझ्यावर डोकं टेकून रडली. मला तेव्हा फार राग आला, तिचाही थोडासा. रडतेस काय, तळ बघ ना माझा.

त्याच आठवड्यात तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शेजारणीची बहीण म्हणून पुतळी आली आणि ओटीवर थबकली.

"ही कडी माझी हाय. ही पेटी तुझ्याकडं कशी गो?"

मनालीने सांगितलं. पुतळीने विचारलं, "माश्या गेल्यावर काय बोल्ला तो?" मनालीने मान खाली घातली. तिची मान बघून पुतळीला कळलं. "विटाळ?" तिने हळूच विचारलं. मनालीने मान डोलावली. आपल्यानंतर ही पेटी खांबच्या सगुणाने घेतल्याचं पुतळीच्या कानावर आलं होतं. त्यांनी सगुणाला फोन लावून सगळं सांगितलं. सगुणा म्हणाली, "मला पण हेच. रविवारी येते मी."

रविवारी प्रविण टेम्पो घेऊन आला तेव्हा ओटीवर तिघी बसलेल्या, बाजूला हैबतराव. मनालीने मला उलटं केलं आणि पत्र्याखाली पटाशी घातली. इतकी वर्षं मी ते खिळे घट्ट धरले होते. त्या दिवशी सोडून दिले. पत्रा निघाला आणि जाळी, काळी विष्ठा, वळवळत्या अळ्या प्रविणच्या पांढऱ्या बुटांवर पडल्या.

"प्रविणभाऊ," मनाली म्हणाली, "हा विटाळ कोणाचा?"

तो बूट झटकायला लागला. हैबतराव उठले. "किती घरांत विकलीस ही?"

"पयली मी," पुतळी म्हणाली. "दुसरी मी," सगुणा. हैबतरावांनी सुनेकडे बघितलं, मग खाली बघितलं. प्रविण मला न घेताच गेला. मी पोटभर हसले.

मनालीने कान्हूकडून नवी पेटी करून घेतली. मुंग्या चढू नयेत म्हणून हैबतरावांनी स्वतः त्या पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. पुतळी माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला पण भाजून घे. साग चांगला हाय, माश्या ऱ्हातील." मी आसुसले होते. पण मनाली म्हणाली, "भाजली तर खुणा जातील." अळ्या तेवढ्या उन्हाने मारल्या, खड्डे तसेच ठेवले.

आता मी रिकामी ओटीवर असते. अंगणातली गुणगुण ऐकू येते आणि जीव तुटतो. तरी मला विचारलं असतं, तर मीही मनालीसारखंच म्हटलं असतं. जुनी पेटी घेणाऱ्यांनो, रंगाला भुलू नका, तळ उलटा करा, टोकदार काहीतरी टोचून बघा. आणि माश्या गेल्या तर शेजारणीला सांगा.

काल रोह्याची नम्रता आली होती. प्रविणकडे तिने पेटी ठरवली होती. मनालीने मला तिच्यापुढे पालथं घातलं. त्या पोरीने खड्ड्यांतून बोट फिरवलं, तिथेच फोन लावला आणि म्हणाली, "तुमची पेटी नको मला."

"कोण काय बोल्ला तुला?" प्रविणचा चिरका आवाज मला इथवर ऐकू आला.

नम्रताने माझ्याकडे बघितलं.

"पेटीच बोल्ली," ती म्हणाली.