बेदाणा निवडणारे हात

तासगावच्या तानूबाईंच्या हातांना मी आजार समजलो. चूक एवढीच; पण ती मी यंत्रात भरली, तिला बॅटरी जोडली आणि त्यांच्याच मनगटावर बांधली.

ते हात असे: उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर बसलेल्या तानूबाईंची डावी ओंजळ मांडीवर, आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेतून काहीतरी टिपताहेत, किंचित चुरडताहेत, नको ते बाजूला उडवताहेत, अखंड, निःशब्द आणि विलक्षण अचूक. मुलाचं नाव, नवऱ्याचं जाणं, आजचा वार, सारं स्मृतिभ्रंशाच्या धुक्यात विरलेलं. बोटांची लय तेवढी लख्ख.

मी साताऱ्याचा, अशा वृद्धांसाठी मनगटी पट्टा घडवणारा अभियंता. हेतुहीन हालचाल दिसली की पट्टा थरथरायचा आणि सून संगीताच्या मोबाइलवर शब्द उमटायचा: 'अस्वस्थता'. पट्टा देण्याआधी भरून घ्यायच्या माझ्या अर्जात वय होतं, वजन होतं, रक्तदाब होता. आयुष्यभर काय काम केलंत, हा रकानाच नव्हता. पट्टा दिवसभर थरथरला. तानूबाई गांधीलमाशी झटकावी तसं मनगट झटकू लागल्या, म्हणजे पट्ट्याच्या मते अस्वस्थता आणखीच वाढली. पट्ट्यानं काढलेला माझा आलेख पाहून डॉक्टरांनी शांत करणारी गोळी वाढवली. बोटं थांबली. आलेख सपाट झाला, आणि त्या सपाटीला आमच्या कंपनीच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मी महामूर्ख, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन तासगावला गेलो.

संगीतानं पुड्याला हातही लावला नाही.

"पेढं कशाचं वो? माणसाचा धोंडा केल्याचं? बेदाणा निवडत हुत्या आमच्या आत्या! तीस वर्सं शेडवर काडी काढली, डागी दाणा काढला. रिकामं बसणं ठावं न्हाई त्यास्नी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! तुमीच म्हनला, यंत्राला समदं कळतंय."

म्हणालो होतो. हसत म्हणालो होतो.

हंगाम सरल्यावर उघड्या पडलेल्या मांडवासारखे ते हात मांडीवर पडले होते. जाळीतून झिरपणारा हिरवट उजेड, बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा उग्र वास आणि बायकांच्या हसण्याखाली सरसरणारा दाणा, एवढी सगळी शेड त्या दोन बोटांत जिवंत होती. तिला मी गोळी घातली होती. ज्या विद्वत्तेला बाईचं कसब रोग वाटतं आणि तिचं निपचित पडणं गुण वाटतं, त्या विद्वत्तेचा, त्या टाळ्यांचा आणि सगळ्यात आधी माझा असा संताप आला, की तो अजून उतरलेला नाही. उतरूही नये.

पट्टा सोडला. संगीताबरोबर डॉक्टरांकडे जाऊन माझाच आलेख खोटा आहे, असं माझ्याच तोंडानं सांगितलं. गोळी कमी झाली. महिन्याभरानं संगीतानं सासूपुढं बेदाण्याचं ताट ठेवलं. बराच वेळ काहीच नाही. मग अंगठा हलला. बोटं पूर्वीइतकी चपळ नव्हती, मध्येच वाट चुकत होती. जे मी नेलं ते सगळं परत आलं नाही. समोर बसून मीही निवडू लागलो. स्मृती जिथून निघून जाते, तिथं काळ हातांपुरता तरी मागे थांबत असेल का, असं काहीबाही मनात येत होतं.

तेवढ्यात तानूबाईंनी माझ्या ढिगात बोट घातलं, एक दाणा उचलून डोळ्यांपुढं धरला आणि सुनेला म्हणाल्या,

"ह्याला कुणी लावलं गं कामाला? काड्या तशाच ठिवतंय. उद्यापासनं बोलवू नगंस."